सभेचा सूत्रधार

इ. स. १८६३ सालची गोष्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू बेडफोर्ड या बंदरात हेन्‍री मार्टिन रॉबर्ट नावाचा एक तरुण लष्करी अभियंता नेमणुकीवर होता. एके दिवशी गावच्या चर्चमध्ये सभा भरली आणि जमलेल्या मंडळींनी त्यालाच अध्यक्षस्थानी बसविले. तटबंदी उभारावी, बंदरे दुरुस्त करावीत, ही रॉबर्टची विद्या. सभा कशी चालवावी हे मात्र त्याला कोणी शिकविले नव्हते. तरीही नाही म्हणणे त्याला बरे वाटले नाही. माणसे शहाणीसुरती आहेत, सभा आपोआप चालेल, अशा भरवशावर तो खुर्चीवर जाऊन बसला.

सभा आपोआप चालली नाही. थोड्याच वेळात तिच्यात गोंधळ माजला आणि तो कसा आवरावा हे अध्यक्षाला उमगेना. रॉबर्टला त्या दिवशी इतकी शरम वाटली की, सभेच्या नियमांची माहिती करून घेतल्यावाचून पुन्हा कोणत्याही सभेस जावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. पुढे त्याची बदली सॅन फ्रान्सिस्कोला झाली. त्या शहरात निरनिराळ्या राज्यांतून माणसे येऊन राहिली होती आणि प्रत्येकजण आपल्या गावची रीत हीच सभेची खरी रीत, असे मानीत असे. त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला राही आणि सभा कशी चालवावी यावरच वाद होत. हे पाहून रॉबर्टने जेथे तेथे उपयोगी पडतील असे नियम लिहून काढण्यास आरंभ केला. त्यांचे पुस्तक १८७६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या चार हजार प्रती त्याने स्वतःच्या खर्चाने छापविल्या होत्या. त्या दोन वर्षे पुरतील असा त्याचा अंदाज होता. परंतु काही महिन्यांतच त्या संपल्या. त्या पुस्तकाच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही निघतात. समुद्राच्या तुफानाने १९०० साली उद्ध्वस्त झालेल्या गॅल्व्हेस्टन शहराला समुद्रभिंत कशी बांधावी, हे ठरविणाऱ्या तीन अभियंत्यांत पुढे रॉबर्ट होता. पण जगाच्या लक्षात तो राहिला आहे तो सभेच्या गोंधळाला बांध घालणारा म्हणूनच.

त्याचे मुख्य नियम अगदी साधे आहेत. एका वेळी एकच विषय चर्चेस घ्यावा. एका वेळी एकानेच बोलावे. बोलणाऱ्याने विषयावर बोलावे, कोणाच्या स्वभावावर बोलू नये. ज्यांना बोलावयाचे आहे परंतु अजून संधी मिळालेली नाही, असे लोक सभेत असताना एकदा बोलून झालेल्याने त्याच विषयावर पुन्हा उभे राहू नये. निर्णय बहुमताने व्हावा. पण ज्यांचे मत थोड्यांचे आहे त्यांचेही म्हणणे ऐकून घेतले जावे. यांतील चौथा नियम वाचताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो फार मोठा आहे. प्रत्येक घोळक्यात चारदोन जण बोलके असतात आणि बाकीचे ऐकणारे. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. बाजारात हे चालत असेल. सभेत असे होऊ लागले तर सभा भरविण्याचे कारणच उरत नाही. कारण न बोलणाऱ्यांजवळचे सोने बाहेर यावे, याचसाठी तर सर्वांना एकत्र बोलाविलेले असते.

हे काम कोणी करावयाचे? सभा चालविणाऱ्याने. जुन्या नाटकांत सूत्रधार नावाचे एक पात्र असे. तो रंगमंचावर येई, आता काय व्हावयाचे आहे ते प्रेक्षकांना सांगे, नटांना बोलावून घेई आणि मग आपण मागे सरे. पुढचे नाटक नटांचे. सभेचा सूत्रधारही असाच असावा लागतो. बोलण्याची सर्वांत अधिक संधी त्याच्या हाती असते आणि ती त्याने सर्वांत कमी घ्यावयाची असते.

लोकसभेच्या अध्यक्षांच्या बाबतीत ही गोष्ट राज्यघटनेतच लिहून ठेवली आहे. इंग्रजीत त्यांना ‘स्पीकर’ म्हणतात. स्पीकर म्हणजे बोलणारा. इंग्लंडमध्ये पूर्वी सभागृहाचे म्हणणे राजापुढे जाऊन बोलून दाखविण्याचे काम त्यांच्याकडे असे, म्हणून हे नाव पडले. नावाने बोलणारे असे हे अध्यक्ष सभागृहात मात्र वादविवादात भाग घेत नाहीत. मतदान होते तेव्हा ते मत देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच त्यांनी आपले निर्णायक मत द्यावयाचे असते. बोलणारा प्रत्येक सभासद समोरच्या विरोधकाला उद्देशून न बोलता अध्यक्षांना उद्देशून बोलतो. त्यामुळे रागाचा शब्द आला तरी तो नेमका माणसावर जाऊन आदळत नाही. वाटेत अध्यक्षांपाशी थोडा थांबतो. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने खाली बसावयाचे, असाही नियम आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या घराण्यातले. अहमदाबादेस त्यांनी वकिली केली. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ च्या मे महिन्यात लोकसभेचे. १९५६ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या स्थानावर होते. वकिलाचा व्यवसाय युक्तिवादाचा, आणि अध्यक्षाचे काम दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकण्याचे. या दोन्हींत अंतर केवढे आहे!

सभा चालविणाऱ्याने आपले मत आधी का सांगू नये, याचे कारण एका प्रयोगात फार चांगले दिसून आले. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका महाविद्यालयात केलेला हा प्रयोग १९५१ साली प्रसिद्ध झाला. सातआठ तरुणांना एका खोलीत बसवीत. त्यांना एका कागदावर एक रेघ दाखवीत आणि दुसऱ्या कागदावर लहानमोठ्या तीन रेघा. तिघींपैकी पहिल्या रेघेएवढी कोणती, ते प्रत्येकाने क्रमाने मोठ्याने सांगावयाचे. उत्तर इतके उघड असे की एकट्या माणसाला विचारले तर तो बहुधा चुकत नसे. परंतु या सातआठ जणांत खरा परीक्षार्थी एकच असे. बाकीचे सर्व ॲशला सामील होते आणि ठरल्याप्रमाणे मधून मधून सगळेच्या सगळे एकच चुकीचे उत्तर देत. खऱ्या परीक्षार्थीची पाळी जवळजवळ शेवटी येई. तोपर्यंत त्याने आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या विरुद्ध पाच-सहा उत्तरे ऐकलेली असत.

मग काय होई? प्रत्येक चार जणांपैकी सुमारे तिघे निदान एकदा तरी इतरांच्या चुकीच्या उत्तराला मान देत. डोळ्यांना आखूड दिसणारी रेघ लांब आहे, असे ते तोंडाने म्हणत. पुढे ॲशने प्रयोगात थोडा बदल केला. सामील असलेल्यांपैकी एकाने खरे उत्तर द्यावयाचे, असे ठरविले. केवळ एका सोबत्याने खरे सांगताच परीक्षार्थीच्या चुका एकदम पुष्कळ कमी झाल्या. आणखी एक बदल केला. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यावयाचे, असे ठेवले तेव्हाही त्या कमी झाल्या. रेघांची लांबी मोजताना माणसाची ही स्थिती होते. मग वर्गणी किती ठेवावी, दोष कोणाचा, धरण व्हावे की न व्हावे, अशा प्रश्नांत ती किती होत असेल!

ही गोष्ट प्रयोग न करताही जुन्या लोकांना ठाऊक होती. ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेत देहान्ताच्या शिक्षेचा खटला असला म्हणजे मते विचारण्यास ज्येष्ठांपासून नव्हे, तर कडेला बसणाऱ्या कनिष्ठांपासून आरंभ करीत. सैन्यातील न्यायसभेतही सर्वांत खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे मत प्रथम घेण्याची पद्धत आहे. वरिष्ठाचे मत एकदा कळले की धाकट्याच्या तोंडून त्याचे स्वतःचे मत बाहेर पडणे अवघड, हे ओळखूनच ही योजना केलेली आहे.

आता ही मोठमोठी सभागृहे सोडून एका साध्या वर्गात जावे. सातवीच्या वर्गाची सहल ठरावयाची आहे. गुरुजींनी मुलांनाच निर्णय करावयास सांगितले आहे आणि वर्गनायक फळ्याजवळ उभा आहे. “आपण रायगडला जाऊ या. कोणाची काही हरकत आहे का?” असे तो मोठ्याने विचारतो. पुढच्या बाकांवरून “नाही, नाही” असा पुकारा होतो. मागे कोणी बोलत नाही. “ठरले तर!” असे म्हणून वर्गनायक फळ्यावर वर्गणीचा आकडा लिहितो. पाच मिनिटांत सभा आटोपली, म्हणून तो स्वतःवर खूशही असतो. मागच्या बाकावरील एका मुलीच्या घरी त्या महिन्यात तेवढे पैसे निघणे शक्य नाही. चाळीस मुलांसमोर हात वर करून ती हे कसे सांगणार? ती काही बोलत नाही. सहलीच्या दिवशी ती शाळेत येत नाही, आणि तिला बरे नसेल असे सर्वांना वाटते.

मौन हे संमतीचे लक्षण होय, असे संस्कृत वचन पुष्कळांच्या तोंडी असते. सभेपुरते तरी ते खरे मानू नये. सभेत माणूस गप्प बसतो तो कधी पटले म्हणून, कधी न कळले म्हणून, कधी भीतीने, कधी संकोचाने आणि कधी नुसता कंटाळल्यामुळे. यांतले कोणते मौन कोणते, ते तोंडाकडे पाहून नेहमीच कळत नाही.

तोच वर्गनायक दुसऱ्या रीतीने हे काम करू शकला असता. प्रथम बाके सरकवून मुलांना वाटोळे बसवावयाचे. वाटोळ्या बैठकीत मागचा बाक उरत नाही. मग प्रश्न फळ्यावर लिहावयाचा, आणि तो ‘रायगडला जावयाचे का?’ असा न लिहिता ‘सर्वांना येता येईल अशी सहल कोणती?’ असा लिहावयाचा. प्रश्न बदलला की उत्तरे बदलतात. त्यानंतर लगेच उत्तरे न मागता शेजारच्या दोघादोघांनी पाच मिनिटे आपसांत बोलावयाचे. जे चाळिसांसमोर बोलता येत नाही ते एकाजवळ सांगता येते. मग प्रत्येकाने आपली सूचना आणि आपली अडचण चिठ्ठीवर लिहून द्यावयाची. नाव लिहावयाचे नाही. वर्गनायकाने त्या सर्व चिठ्ठ्या, त्यांत त्याला न आवडणाऱ्याही आल्या, जशाच्या तशा वाचून दाखवावयाच्या. “खर्च फार होईल” अशा चार चिठ्ठ्या निघाल्या तर त्या कोणाच्या याची चौकशी करण्याचे कारण नाही. अडचण सभेपुढे आली, एवढे पुरे. जवळच्या टेकडीवरील किल्ल्यावर घरची भाजीभाकरी बांधून चालत जावे, ही कल्पना अशाच एखाद्या चिठ्ठीतून निघेल. ती पुढच्या बाकावरून कधी निघाली नसती.

यास पाच मिनिटांऐवजी पाऊण तास लागेल, हे खरे. मधेच कोणीतरी मागच्या वर्षीच्या सहलीतील भांडण उकरून काढील. ते वर्गनायकाने फळ्याच्या कोपऱ्यात ‘नंतरचे विषय’ म्हणून लिहून ठेवावे. म्हणजे बोलणाऱ्याचा अपमानही होत नाही आणि वडाची साल पिंपळाला लागत नाही. एखादा मुलगा थांबतच नसेल तर त्याने सांगितलेली गोष्ट दोन वाक्यांत त्यालाच परत सांगावी आणि “असेच म्हणणे आहे ना?” असे विचारावे. आपले म्हणणे पोचले अशी खात्री झाली की बहुतेक माणसे थांबतात. ती लांबण लावतात ते पुष्कळदा कोणी ऐकले नसेल या शंकेनेच. अखेरीस काय ठरले, कोणी काय करावयाचे आणि केव्हापर्यंत, हे सर्वांसमक्ष लिहून वाचावे. ठरलेले न लिहिणारी सभा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवावी लागते.

शेवटी मते मोजावयाची झाली आणि पंचवीस एका बाजूस, पंधरा दुसऱ्या बाजूस निघाले, तर? बहुमताचा मान राखावा लागतो. मोठ्या देशाचा कारभार याहून वेगळ्या रीतीने चालणे कठीण. तरी पण त्या पंधरांचे काय, हा प्रश्न राहतोच. जी माणसे एका गावात जन्मभर शेजारी राहणार आहेत, त्यांच्यापुढे तर तो रोज उभा असतो. या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातल्याच एका लहानशा गावाने दिले आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे गाव आहे. शेजारी लेखा हे गाव असल्यामुळे त्याला मेंढा-लेखा असे म्हणतात. वस्ती जेमतेम शंभर घरांची. भोवती बांबूचे दाट जंगल. १९८० नंतरच्या काळात या भागात इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांवर दोन मोठी धरणे बांधण्याची योजना पुढे आली होती. त्यांत आदिवासींची गावे आणि जंगले बुडणार होती. त्याविरुद्ध १९८४ साली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन झाले आणि ती योजना मागे पडली. या चळवळीतून मेंढा गावात एक विचार रुजला. आपल्या गावाचे आणि जंगलाचे निर्णय दूर कोणीतरी करावेत आणि आपण ते नुसते ऐकावेत, हे बरोबर नाही, असा तो विचार. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा पुढे देशभर माहीत झाली.

घोषणा देणे सोपे असते. आम्हीच सरकार, म्हणजे नेमके कोण? पाटील? पंच? शिकलेले चार तरुण? मेंढा गावाने ठरविले की आम्ही म्हणजे आम्ही सगळे. प्रत्येक घरातून निदान एक पुरुष आणि एक स्त्री, अशा दोघांनी ग्रामसभेला यावे, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने व्हावा. एकाचा जरी खरा विरोध असला तरी निर्णय थांबतो. त्याचे म्हणणे ऐकावयाचे, त्यावर विचार करावयाचा, बोलणी पुढच्या बैठकीवर टाकावयाची, आणि पुन्हा बसावयाचे. ॲशच्या खोलीत एकटा पडलेला तो तरुण आठवावा. त्याला जे बळ एका सोबत्याने मिळत असे, ते मेंढ्याच्या माणसाला गावाच्या रीतीनेच दिलेले आहे.

अशा रीतीने चालणाऱ्या सभेत एक अडचण हमखास येते. ज्याला विषयाची माहितीच नाही, तो संमती कशाच्या जोरावर देणार, आणि विरोध तरी कशाच्या? यासाठी मेंढा गावात ग्रामसभेबरोबर दुसरी एक बैठक सुरू झाली. तिला अभ्यासगट म्हणतात. ज्यांना एखाद्या विषयाची आवड असेल ते तेथे जमतात. जंगलाचा कायदा, गावाचे हिशेब, मधमाश्या, मासे, कोणताही विषय असो. माहिती असलेला बाहेरचा मनुष्य बोलावतात आणि त्याला प्रश्न विचारतात. महत्त्वाची गोष्ट ही की अभ्यासगटात निर्णय होत नाही. तेथे फक्त समजून घ्यावयाचे, निर्णय ग्रामसभेत. निर्णय व्हावयाचा नसला की हरण्याजिंकण्याचा प्रश्न येत नाही, आणि मनुष्य मोकळेपणाने शंका विचारतो. चर्चा आणि निर्णय यांची ही फारकत मोठमोठ्या संस्थांनी घ्यावी अशी आहे.

गावचे देवाजी तोफा यांनी या कामात पुढाकार घेतला. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले अभ्यासक गावाचे मित्र झाले. ते बैठकांना बसत, माहिती मिळवून देत, प्रश्न उभे करीत. पण काय ठरवावे हे गावाला सांगणे त्यांच्या भूमिकेत बसत नव्हते. शिकलेल्या माणसाला हा संयम किती कठीण जातो, ते ज्याने कधी गप्प बसून दुसऱ्याला उत्तर शोधू दिले आहे, त्यालाच कळेल.

सुरुवातीच्या काळात गावापुढे आलेल्या प्रश्नांत दारूचाही प्रश्न होता. घरोघरच्या बायका तिच्यामुळे गांजलेल्या होत्या. दुसरीकडे, गोंडांच्या देवकार्यात मोहाची दारू लागते. हात वर करून मते मोजली असती तर एक बाजू जिंकली असती आणि दुसऱ्या बाजूने घरात गुपचूप भट्टी लावली असती. लहान गावात पोलीस कोठे कोठे पाहणार? ज्याने स्वतः होकार दिलेला असतो, तोच ठराव पाळतो, आणि शेजाऱ्याने मोडला तर त्याला टोकतो. मेंढ्याचे कितीतरी ठराव कागदावरच्या कायद्यापेक्षा असे माणसांच्या होकारावर उभे राहिले.

सर्वसहमतीची रीत दोषरहित आहे, असे मात्र कोणी समजू नये. ती संथ आहे. घराला आग लागली असता सर्वसहमतीची वाट पाहत बसता येत नाही. एखादा हट्टी मनुष्य केवळ मानापमानासाठी सगळ्यांना अडवून धरू शकतो. शिवाय वरवर दिसणारा होकार हा मनातला होकार आहे की थकलेल्याची शरणागती आहे, हे ओळखण्याची दृष्टी सभा चालविणाऱ्याजवळ नसेल तर सहमतीच्या नावाखाली दडपशाहीच चालते. म्हणून तेथे सूत्रधाराचे काम बहुमताच्या सभेपेक्षा अवघड असते. बहुमताच्या सभेत शेवटी मते मोजली की सुटका होते. येथे विरोध करणाऱ्याच्या म्हणण्यातला खरा अंश शोधून तो ठरावात घ्यावा लागतो.

गाव करी ते राव न करी, ही म्हण मेंढ्याने खरी करून दाखविली ती बांबूच्या बाबतीत. देशात २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्याअन्वये २००९ साली मेंढा गावाला भोवतालच्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गावाचा झाला. पण तो तोडून बाहेर नेण्यासाठी वाहतुकीचा परवाना लागे, आणि परवाने देणे वनखात्याच्या हाती होते. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी स्थिती झाली. गावाने हा प्रश्न सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश हे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढा गावी आले, आणि परवान्यांचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून परवाना ग्रामसभा देऊ लागली.

बांबू सर्वांचा होता. तो सर्वांनी मिळून विकावा हे मान्य करणे त्या मानाने सोपे. शेतजमिनीची गोष्ट वेगळी. ती ज्याची त्याची, वाडवडिलांपासून आलेली. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदानाच्या चळवळीतून पुढे ग्रामदानाची कल्पना निघाली होती, आणि महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदानाचा कायदा झाला होता. जमीन कसावयाची ज्याची त्याने. पण तिची मालकी गावाची, म्हणजे गावाबाहेर ती विकली जाऊ नये, असा त्याचा सारांश. मेंढा गावात हा विषय निघाला तेव्हा प्रत्येक घराला आपापली शंका होती. मुलांचे काय? कर्ज कोण देईल? पुढे गावाचे मन बदलले तर? अभ्यासगटात आणि ग्रामसभेत बैठकांवर बैठका झाल्या. गावातल्या प्रत्येक जमीनधारकाचा होकार असलाच पाहिजे, असे त्या कायद्यात म्हटलेले नव्हते. मेंढ्याची रीत मात्र तो मागत होती. म्हणून गाव थांबले, पुन्हा पुन्हा बसले, आणि २०१३ साली ग्रामदानाचा निर्णय झाला.